'पास' या शब्दाचे अर्थ व त्याचे अध्यापन

खुटबाव स्थानकावर पुण्याकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीची वाट पाहत उभे असता 'पास' हा शब्द किती वेळा कानी पडतो, हे एकदा मोजून पाहण्याचा योग मला आला. एक गृहस्थ आपला पास कालच संपल्याचे सांगून तिकीट खिडकीकडे धावत होते. महाविद्यालयात जाणारा एक तरुण आपला मित्र सर्व विषयांत पास झाल्याची वार्ता दुसऱ्यास देत होता. बाकावर बसलेले दोघे शेतकरी सोसायटीचे कर्जप्रकरण पास झाले की अडकले याविषयी हळू आवाजात बोलत होते. बाहेर उभ्या असलेल्या टेंपोचा चालक गाडी पासिंगला न्यावयाची आहे, म्हणून आज भाडे घेता येणार नाही, असे कोणास तरी समजावीत होता. इतक्यात एक जलद गाडी न थांबता धडधडत निघून गेली, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ही पास झाली, आता आपली येईल."

पाच माणसे आणि पाच अर्थ! परंतु त्यांपैकी एकालाही आपण इंग्रजी शब्द वापरीत आहो याची जाणीव नव्हती, आणि ती असण्याचे कारणही नाही. हा शब्द आपल्या भाषेत येऊन इतका रुळला आहे की त्याचा परकेपणा आता केवळ कोशातच उरला आहे. नेमक्या याच कारणाने तो प्राथमिक शाळेतील इंग्रजीच्या तासाला अडचण उत्पन्न करतो. जो शब्द मुलास मुळीच ठाऊक नाही, तो शिकविणे सोपे असते; जो शब्द त्यास ठाऊक आहे असे त्यास व आपणास दोघांसही वाटते, तो शिकविणे कठीण. प्रस्तुत लेखात या एकाच शब्दाचा विचार करावयाचे योजिले आहे.

या विषयाकडे माझे लक्ष एका शाळाभेटीत वेधले. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. चौथीच्या वर्गात इंग्रजीचा पाठ चालू होता आणि शिक्षकांनी पहिल्या बाकावरील मुलास इंग्रजीत आज्ञा केली, "पास द बुक." मुलगा उभा राहिला, पुस्तक छातीशी धरले आणि त्याने विचारले, "सर, पुस्तक कसं पास होईल?" वर्गात हशा पिकला. शिक्षकही हसले, त्यांनी फळ्यावर 'पास म्हणजे उत्तीर्ण होणे' असे लिहिले, त्याखाली 'पास म्हणजे देणे' असेही लिहिले आणि पाठ पुढे चालू केला. मुलाने दोन्ही ओळी वहीत उतरवून घेतल्या. त्याच्या मनातील प्रश्न मात्र तसाच राहिला असावा, कारण उत्तीर्ण होणे आणि देणे यांचा एकमेकांशी संबंध काय, हे फळ्यावर कोठेच नव्हते.

त्या मुलाचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मराठीत तो शब्द ज्या अर्थाने त्याने ऐकला होता, त्या अर्थाने त्याचा प्रश्न अचूक होता.

दुसरा प्रसंग मात्र हसण्याचा नाही. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबातील वडीलधारे गृहस्थ पुण्यास रुग्णालयात होते. गावी घरात आजी, सून आणि पाचवीतील नातू एवढीच मंडळी. रात्री भ्रमणध्वनीवर पुण्याच्या नातलगांचा इंग्रजी संदेश आला. घरात इंग्रजी वाचणारा तो एकच, म्हणून आजीने नातवास तो वाचावयास सांगितला. संदेशात 'पास्ड अवे' असे शब्द होते. मुलाने वाचले आणि आनंदाने सांगितले, "आजी, आजोबा पास झाले." क्षणभर घरातील सर्वांना वाटले की तपासणी चांगली निघाली. खरा प्रकार थोड्याच वेळात दूरध्वनीवरून कळला. पुढे कित्येक दिवस तो मुलगा इंग्रजीचे पुस्तक उघडीत नव्हता, असे त्याच्या आईने मला सांगितले. यात मुलाचा दोष नाही आणि संदेश पाठविणाऱ्याचाही नाही. आपण त्यास त्या शब्दाची एकच खोली दाखविली होती. घर दाखविले नव्हते.

आता प्रथम मराठीकडे वळू. आपल्या भागातील शेतकऱ्याच्या मुलाच्या कानावर 'पास' हा उच्चार शाळेत येण्यापूर्वीच दोन निरनिराळ्या वाटांनी आलेला असतो. 'आसपास' या शब्दातील 'पास' हा संस्कृत 'पार्श्व' म्हणजे बाजू या शब्दापासून आला. 'पाशी', 'पासून' ही रूपे त्याच कुळातील होत. दुसरी ती कुळवाची पास, म्हणजे माती कापीत जाणारे लोखंडी पाते. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाचा कुळव मागे पडला असला तरी हा शब्द घरातील वडीलमंडळींच्या तोंडी अजून आहे. या दोहोंचा इंग्रजी शब्दाशी काडीचाही संबंध नाही. उच्चार तेवढा सारखा. तिसरा 'पास' हा इंग्रजीतून आलेला. लिंगाकडे लक्ष दिले तर हा भेद मुलांना चटकन कळतो. कुळवाची पास स्त्रीलिंगी, रेल्वेचा पास पुल्लिंगी आणि 'मुलगी पास झाली', 'मुलगा पास झाला' यांतील पास लिंगरहित विशेषण. पाचवी-सहावीच्या व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण घेऊन पाहावे. मुले स्वतः वाक्ये सांगू लागतात असा माझा अनुभव आहे.

'नापास' हा शब्द तर भाषेच्या इतिहासाचा एक नमुनाच म्हणावा लागेल. त्यातील 'ना' हा उपसर्ग फारसी. नालायक, नापसंत, नाराज यांत तोच आहे. 'पास' इंग्रजी. आणि दोहोंचा सांधा जुळला तो मराठीत. शिवकाळापूर्वीपासून आपल्याकडे नांदत असलेला फारसी उपसर्ग कंपनी सरकारच्या मागून आलेल्या शब्दास लागला. ज्या इंग्रजांकडून आपण 'पास' घेतला, त्यांना आपला 'नापास' कळणार नाही.

परंतु या शब्दाचे आपण जे केले त्यात केवळ कौतुकाचाच भाग आहे असे नाही. इंग्रजीत 'पास' हे मुख्यतः क्रियापद आहे. मनुष्य परीक्षा 'पास' करतो, म्हणजे परीक्षा हे वाटेतील एक ठिकाण आणि मनुष्य ते मागे टाकून पुढे जातो. ती एका दिवसाची घटना आहे. मराठीने परक्या क्रियापदांना सहसा तसेच राहू दिले नाही. त्यांचे नाम अथवा विशेषण करून त्यांस 'करणे' किंवा 'होणे' जोडले. त्यामुळे 'तो पास झाला' या वाक्यात पास हे त्या मुलाचे विशेषण झाले आणि 'तो नापास झाला' यात नापास हेही त्याचे विशेषण झाले. इंग्रजीत मुलगा गणिताचा पेपर ओलांडू शकला नाही. मराठीत मुलगाच नापास! घटना मागे राहते, विशेषण मात्र माणसाबरोबर चालू लागते. 'दहावी नापास' हे शब्द अर्जावर, सोयरिकीच्या बोलण्यात आणि कधी कधी चारचौघांत टोपणनावासारखेही माणसास आयुष्यभर चिकटलेले आपण पाहतो. व्याकरणातील एवढासा फरक, पण त्याचे ओझे दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर येते.

मूळ शब्दाकडे गेले म्हणजे हा भेद अधिक उघड होतो. लॅटिन भाषेत 'पासुस' म्हणजे पाऊल. त्यापासून पाऊल टाकणे, पुढे जाणे या अर्थाचे क्रियापद झाले. ते फ्रेंचमध्ये आले व तेथून इंग्रजीत गेले. इंग्रजीत पावलास व चालीस 'पेस' म्हणतात, तोही याच कुळातला. एखाद्या गोष्टीच्या जवळून, मधून किंवा वरून पाऊल टाकीत पलीकडे जाणे, हा या शब्दाचा गाभा. मराठीत त्यास सर्वांत जवळचा शब्द 'ओलांडणे'. गंमत अशी की ज्या 'उत्तीर्ण' शब्दाने आपण 'पास'चे भाषांतर करतो, त्याचाही मूळ अर्थ हाच आहे. 'तॄ' म्हणजे तरणे, पार करणे; उत्तीर्ण म्हणजे तरून वर आलेला, पलीकडे पोचलेला. भीमा नदी ओलांडून जो काठावर आला तो उत्तीर्ण. एकाने पाऊल पाहिले आणि दुसऱ्याने नदी पाहिली, पण दोघांच्या मनात पलीकडचा तीर होता. चौथीच्या मुलास ही गोष्ट सांगता येण्याजोगी आहे. त्यासाठी लॅटिनचे नाव घेण्याचीही गरज नाही.

खुटबावच्या पुढचे स्थानक केडगाव. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन चालविले आणि १९२२ साली त्यांचे देहावसानही तेथेच झाले. बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांच्या अभ्यासाने बायबलचे मराठी भाषांतर केले, हे अनेकांस ठाऊक असेल. बायबलात यहुदी लोकांच्या एका सणाची कथा आहे. संहाराच्या रात्री मृत्यूचा दूत त्यांची घरे वगळून पुढे गेला, त्याची आठवण म्हणून तो सण. विल्यम टिंडेल या इंग्रज भाषांतरकाराने १५३० साली त्या सणास इंग्रजीत 'पासओव्हर' असे नाव दिले. मराठी बायबलात त्यास 'वल्हांडण' म्हणतात. 'वलांडणे' म्हणजेच ओलांडणे. ज्यांनी हा शब्द योजिला त्यांनी कोशातील अर्थांची यादी पाहून काम उरकले नाही. पावलाचा माग काढला. शब्दाचा गाभा हाती लागला म्हणजे भाषांतर किती सहज होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

गाभा ध्यानात ठेवून पाहिले म्हणजे परस्परांशी संबंध नसलेले वाटणारे अर्थ एका ओळीत येऊन उभे राहतात. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते. म्हणून पुस्तक 'पास' करावयाचे. चेंडू एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जातो, तोही पास. दिवस जातात, वेळ जाते, तेथेही तोच शब्द. मनुष्य हे जग सोडून जातो. त्या वेळी त्यास 'अवे' म्हणजे दूर हा शब्द जोडतात. मराठीतही आपण 'आजोबा गेले' असेच म्हणतो आणि मृत्यूचे नाव घेण्याचे टाळतो. त्या पाचवीतल्या मुलास 'पास म्हणजे जाणे' एवढे ठाऊक असते, तर 'दूर गेले' हा अर्थ त्यास कदाचित आपोआप उमगला असता. विधेयक सभागृहाच्या पायऱ्या ओलांडून कायदा होते, म्हणून ते पास होते. ग्रामसभेतील ठरावाचेही तेच, जरी तेथे 'मंजूर' हा आपला जुना शब्द अधिक शोभतो. (आपले वेतनाचे 'बिल' कोषागारात पास होते आणि विधिमंडळातही 'बिल'च पास होते, तेव्हा 'बिल' या शब्दाचा स्वतंत्र विचार कोणीतरी करावा.) परिवहन कार्यालयात टेंपोची तपासणी होऊन तो रस्त्यावर जाण्यास योग्य ठरला की त्याचे 'पासिंग' झाले. त्यावरून आपल्याकडे 'बारा पासिंग', 'बेचाळीस पासिंग' अशी गाड्यांची गावे ठरली, ही करामत सर्वस्वी आपली.

जाऊ देण्याचा परवाना तोही पास. रेल्वेच्या कागदोपत्री ज्यास मासिक हंगामी तिकीट म्हणतात, त्यास खुटबावपासून पुण्यापर्यंत कोणी त्या नावाने ओळखत नाही, तो पास. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींस अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास मिळतो, आणि वाडीवस्तीवरील कित्येक मुली त्या कागदाच्या जोरावर माध्यमिक शाळेचा उंबरठा ओलांडतात. 'पासपोर्ट' म्हणजे मुळात बंदरातून किंवा वेशीतून जाऊ देण्याचा परवाना. 'पासवर्ड' म्हणजे पहारेकऱ्याने आत सोडावे म्हणून उच्चारावयाचा परवलीचा शब्द. २०१५ पासून सरल प्रणालीवर माहिती भरणाऱ्या मुख्याध्यापकांस या पहारेकऱ्याचा पुरेसा परिचय आहे.

रेल्वेच्या हद्दीत 'ट्रेसपास' करणाऱ्यांवर कारवाई होईल अशा पाट्या असतात. मर्यादा ओलांडून पलीकडे जाणे तो ट्रेसपास. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली तो अपराध आहे. आपल्या परिसरातील काही मुले शाळेत येताना रूळ ओलांडतात. त्यांच्या पुढे हा शब्द आणि ही पाटी अवश्य ठेवावी. तेथे इंग्रजीचा पाठ आणि सुरक्षिततेचा पाठ एकच आहे.

गाडीचा विषय निघालाच आहे, तर 'पॅसेंजर' या शब्दाकडेही पाहावे. इंग्रजीत तो प्रवासी. मराठीत तो प्रवासीही आहे आणि प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडीही आहे. म्हणजे मूळ शब्दाचा अर्थ पुढे जाणे, आणि आपल्याकडे त्याच कुळातील शब्द थांबणाऱ्या गाडीस मिळाला! जलद गाडी खुटबावास 'पास' होते, पॅसेंजर थांबते. उच्चाराचाही एक बारकावा येथे आहे. इंग्लंडच्या दक्षिणेकडील उच्चारात 'पास' असा दीर्घ आकार ऐकू येतो, तोच आपण घेतला. अमेरिकन उच्चारात 'पॅस' असे म्हणतात. मुले भ्रमणध्वनीवरील चित्रफितींत 'पॅस' ऐकून येतात आणि शिक्षकांचा उच्चार चुकला असे समजतात. दोन्ही उच्चार ग्राह्य आहेत, हे त्यांना सांगून टाकावे. याच गाड्यांतून शेंगदाण्याच्या पुड्या विकणारे 'टाइमपास' अशी आरोळी देतात. इंग्रजीतील 'पास्टाइम' म्हणजे वेळ आनंदाने जावी म्हणून जोपासलेला छंद. आपल्या 'टाइमपास'ला मात्र थोडी तुच्छतेची छटा आली. 'टाइमपास करू नकोस' असे आपण वर्गात म्हणतो तेव्हा छंदाचा उपदेश करीत नसतो.

काही ठिकाणी या शब्दाने अगदी उलट तोंड केलेले दिसते. प्रश्नमंजुषेत एखाद्या गटास उत्तर आले नाही की तो 'पास' म्हणतो आणि प्रश्न पुढच्या गटाकडे जातो. परीक्षेत ज्यास उत्तरे आली तो पास. प्रश्नमंजुषेत ज्यास उत्तर आले नाही तोच पास! पत्त्यांच्या तीनशेचार या खेळातही बोली न लावणारा पास म्हणतो. शैक्षणिक पुस्तिकेत पत्त्यांचा दाखला देणे उचित नव्हे हे मला कळते, पण पालकांना समजावून सांगताना तो फार उपयोगी पडतो. गाभ्याकडे गेले की विरोध नाहीसा होतो. परीक्षेत विद्यार्थी प्रश्नाच्या पुढे गेला, प्रश्नमंजुषेत प्रश्न विद्यार्थ्याच्या पुढे गेला. कोणीतरी ओलांडून गेले एवढे खरे.

'पास आऊट' या शब्दप्रयोगाबाबत मात्र सावध असावे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या छात्रांचे जे संचलन होते, त्यास 'पासिंग आऊट परेड' म्हणतात, आणि आपल्या देशात महाविद्यालयातून बाहेर पडलेला प्रत्येक तरुण स्वतःस अमुक सालचा 'पासआऊट' म्हणवितो. इंग्लंड-अमेरिकेत मात्र 'पास आऊट' याचा नेहमीचा अर्थ बेशुद्ध पडणे असा आहे. परदेशी अर्ज करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यास एवढे सांगितले तरी पुष्कळ काम होईल.

डोंगरातून पलीकडे जाण्याची वाट, तिलाही इंग्रजीत 'पास' म्हणतात. नकाशात खैबर पास असे वाचले की मुले गोंधळतात. त्यांना पावनखिंड ठाऊक असते, तेव्हा खिंड म्हणावे आणि पुढे जावे. आपल्या परिसरात पाहावयाचे तर भुलेश्वराचा घाट आहेच. या 'घाट' शब्दाचा उलट प्रवास मनोरंजक आहे. मराठीत घाट म्हणजे डोंगरातील चढणीची वाट. नदीच्या पायऱ्याही घाट. आणि मडक्याचा डौल तोही घाट. इंग्रजांनी सह्याद्रीतील वाटांचे हे नाव उचलले आणि सबंध पर्वतरांगेसच लावले. 'वेस्टर्न घाट्स' हे नाव असे झाले. वाटेचे नाव डोंगराला गेले. आपण 'पास'चे जे केले, तेच त्यांनी 'घाट'चे केले. तेव्हा याबाबतीत कोणी कोणास हसण्याचे कारण नाही.

इतके अर्थ पाहून एखादा शिक्षक म्हणेल की इंग्रजी ही भाषाच अशी बेशिस्त आहे. वस्तुतः सर्वच जिवंत भाषांत लहान, नित्याचे शब्द सर्वाधिक भार वाहतात. इंग्रजीतील 'रन' या क्रियापदाचे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी सहाशेहून अधिक अर्थ नोंदविले आहेत. परंतु मराठीतील 'लागणे' घ्या. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते. नोकरी लागते, नाद लागतो. शाळेला सुट्टी लागते आणि परीक्षेचा निकाल लागतो. यवत सोडल्यावर खुटबाव लागते आणि तेथे पोचावयास काही वेळ लागतो. शेतात उसाची लागण होते. आपल्यापैकी कोणत्या शिक्षकाने 'लागणे'चे अर्थ फळ्यावर लिहून दिले? मूल चार वर्षांचे होण्यापूर्वीच 'मला भूक लागली' आणि 'मला लागलं' यांतील फरक न चुकता जाणते. ते हे कसे शिकले? शब्द एकटा त्याच्यापुढे कधीच आला नाही म्हणून. भुकेबरोबर आला, रक्त आलेल्या गुडघ्याबरोबर आला, आईच्या चेहऱ्याबरोबर आला. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ठरतो, आणि मुलास सोबती ओळखण्याची विद्या उपजतच असते.

इंग्रजीच्या तासाला आपण नेमके हे सोबती काढून घेतो आणि शब्द एकटा फळ्यावर उभा करतो. त्याच्या पुढे बरोबरीचे चिन्ह आणि एक मराठी शब्द. माझ्या पिढीने इंग्रजीचा श्रीगणेशा पाचवीत केला आणि अशाच जोड्या पाठ केल्या. तो मार्ग त्या वयात कसाबसा चालून गेला. आता २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. सहा वर्षांच्या मुलास बरोबरीच्या चिन्हाने भाषा शिकविणे म्हणजे पोहणे शिकविण्यासाठी पाण्याचे चित्र दाखविणे होय.

म्हणून माझी सूचना अशी. पहिली-दुसरीत 'पास' हा शब्द हाताने शिकवावा. मुलांस गोलात बसवून चेंडू, खडू, पाटी एकाकडून दुसऱ्याकडे द्यावयास लावावे आणि प्रत्येक वेळी इंग्रजी वाक्य म्हणवून घ्यावे. भाषांतर सांगू नये. तिसरीत शब्द पायाने शिकवावा. कोण कोणाच्या जवळून पुढे गेले, गाडी कोणते स्थानक न थांबता ओलांडून गेली, बैलगाडी शाळेवरून केव्हा गेली, अशी वाक्ये. पुणे-दौंड मार्गावरील हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस ही नावे क्रमाने फळ्यावर लिहून एका मुलास गाडी करावे; गाडी कोठे थांबली व कोठे 'पास' झाली हे इतरांनी इंग्रजीत सांगावे. या खेळात मुले इतकी रमतात की तास संपल्याचे भान राहत नाही, आणि भूगोलही वाया जात नाही. पुढे घड्याळ शिकविताना 'हाफ पास्ट सेव्हन' येते. तेथील 'पास्ट' हे 'पास'चेच जुने रूप आहे; काटा सात ओलांडून अर्धा तास पुढे गेला. आपल्या 'साडेसात'मध्ये सातावर अर्धा चढविला आहे. एवढी तुलना पुरे. 'पास्ड' आणि 'पास्ट' यांच्या लेखनातील फरक उच्च प्राथमिक वर्गांसाठी राखून ठेवावा.

परीक्षेचा अर्थ सर्वांत शेवटी घ्यावा. तो मुलास मराठीतून ठाऊकच असतो; तो प्रथम घेतला की पुढचे सर्व अर्थ त्याच्या सावलीत येतात आणि 'पुस्तक कसं पास होईल' हा प्रश्न उत्पन्न होतो.

या शेवटच्या अर्थासंबंधी आणखी एक गोष्ट लिहिणे कर्तव्य वाटते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये झाला. त्याच्या कलम १६ मुळे आठवीपर्यंत कोणत्याही मुलास त्याच वर्गात मागे ठेवण्यास प्रतिबंध झाला आणि काही वर्षे आपल्या शाळांतून 'नापास' हा शब्द जवळपास नाहीसा झाला होता. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून ती व्यवस्था सुरू झाली. पुनर्परीक्षेची संधी देऊनही जो पुरेसे गुण मिळवू शकत नाही, तो त्याच वर्गात राहू शकतो. या धोरणाच्या गुणदोषांची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. परंतु तो शब्द शाळेत परत आला आहे आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलापर्यंत आला आहे. निकालाच्या दिवशी पालकांशी बोलताना 'तुमचा मुलगा नापास झाला' असे न म्हणता 'त्यास गणिताची परीक्षा या खेपेस पार करता आली नाही, पुनर्परीक्षा अमुक दिवशी आहे' असे म्हणावे. वाक्य लांबते हे खरे. पण त्यात काय ओलांडावयाचे राहिले हे सांगितलेले असते, आणि मुलाच्या नावामागे विशेषण लागत नाही. प्रगतिपुस्तकातील शेऱ्याच्या रकान्यातही हीच दक्षता घेता येईल.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावात मराठी म्हणून वापरला जाणारा एक इंग्रजी शब्द निवडून आणावा. 'लाइन', 'नंबर', 'पॉइंट', 'चार्ज' यांपैकी कोणताही चालेल. तो शब्द शेतात, बाजारात, स्थानकावर व घरात ज्या वाक्यांत प्रत्यक्ष ऐकला ती वाक्ये जशीच्या तशी कागदावर लिहून आणावीत. अर्थ लिहू नयेत. 'बिल' हा शब्द मी स्वतःकडे ठेवला आहे.